रक्तातल्या कॉर्टिसॉलचं मोजमाप

‘ताण मोजा’ म्हणून हल्ली कॉर्टिसॉलची रक्ततपासणी सुचवली जाते. पण या तपासणीचं मूळ आहे ते एका जीवघेण्या आजारात.

1855 साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी काही रुग्णांची हकिकत छापली. त्यांची कातडी काळवंडत जाई, अंगातलं त्राण सरे आणि शेवटी मृत्यू येई. शवविच्छेदनात दोष सापडला तो मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींत. या ग्रंथींमधली द्रव्यं अमेरिकेत केंडॉल यांनी आणि स्वित्झर्लंडमध्ये राइखस्टाइन यांनी 1930च्या दशकात वेगळी केली. केंडॉल यांचं ‘संयुग एफ’ म्हणजेच कॉर्टिसॉल. थंडी, इजा, औषधाचा मारा अशा कोणत्याही छळानं उंदरांच्या याच ग्रंथी सुजतात, हे हान्स सेल्ये यांनी 1936 साली दाखवलं. ताणाशी नातं जुळलं ते तिथून.

खरी अडचण मोजण्याची होती. 1950 साली पोर्टर आणि सिल्बर यांनी रसायन घालून पिवळा रंग आणला आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढलं. पण हा रंग कॉर्टिसॉलच्या भाईबंदांनाही चढे. 1963 साली माँट्रियलच्या बेव्हर्ली मर्फी यांनी फार सुंदर वाट काढली. रक्तात कॉर्टिसॉलला वाहून नेणारं एक प्रथिन असतं, त्यालाच त्यांनी मोजायला बसवलं. प्रथिनाला किरणोत्सारी कॉर्टिसॉल चिकटवायचं आणि रुग्णाच्या कॉर्टिसॉलनं त्यातलं किती हुसकावलं ते पाहायचं. पुढं प्रथिनाच्या जागी प्रतिपिंडं आली. आजच्या लॅबमधली बहुतेक यंत्रं याच चढाओढीवर चालतात.

त्या प्रथिनाचा विसर मात्र पडू नये. कॉर्टिसॉल बहुतांशी त्याला चिकटूनच फिरतं. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे हे प्रथिन वाढतं आणि काहीही बिघडलेलं नसताना आकडा चढतो. शिवाय कॉर्टिसॉल सकाळी भरपूर असतं, मध्यरात्री अगदी कमी. सकाळी आठला साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हे ठीक. तोच वरचा आकडा मध्यरात्री आला तर काळजीचा.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ही तपासणी ग्रंथीच्या आजारासाठी आहे, मनाच्या ओझ्यासाठी नाही. करायचीच तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं करा, रक्त दिल्याची वेळ रिपोर्टवर आहे ना ते पाहा आणि स्टेरॉइडची गोळी, मलम, इनहेलर काहीही चालू असेल तर आधी सांगा. ते औषध आपल्या मनानं बंद मात्र करू नका.