पटकी, हाजी आणि वारकरी

किन्हीराजातली जुनी माणसं कॉलऱ्याला पटकी म्हणत. 'तुला पटकी येवो' ही शिवी मी लहानपणीच ऐकली. अर्थ कळायला बरीच वर्षं गेली.

१८६५ च्या हजमध्ये पटकीने हजारो हाजी दगावले. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हिंदुस्थानातून जाणारा हाजी युरोपच्या नजरेत संशयित ठरला. १८८२ पासून त्याला तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनमध्ये ठेवू लागले. इकडे पंढरीहून परतणाऱ्या वारकऱ्यांवरही इंग्रज अधिकाऱ्यांचा तोच आरोप होता. निदान इथे तरी दोघांना एकच माप लावलं म्हणायचं!

जंतूला ना हाजी कळतो ना वारकरी. तो विष्ठेतून पाण्यात, न धुतलेल्या हातांनी आणि माशांच्या पायांनी अन्नात जातो. उकळलेलं पाणी, वाफाळतं जेवण आणि साबण एवढ्याने त्याची वाट अडते. यात्रेकरूंना कोंडलं, पण स्वच्छ पाण्यावर तेवढा खर्च झाला नाही. १९०५ मध्ये सिनाईतल्या तूर इथल्या क्वारंटाइन केंद्रात हाजींच्या मृतदेहांत एक वेगळा प्रकार सापडला. 'एल टोर' हे त्याचं नाव त्या गावावरून पडलं. १९६१ साली इंडोनेशियातून निघालेली सातवी जागतिक साथ त्याचीच.

आमच्याकडे लग्नात दुपारचा भात अजूनही रात्रीपर्यंत झाकून ठेवतात. पाण्याच्या टाकीत कुणी डोकावत नाही.