सार्वजनिक जलतरण तलाव

सार्वजनिक जलतरण तलाव म्हणजे शासन, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा क्रीडासंस्था यांनी पोहण्यासाठी बांधलेला आणि ठरावीक शुल्क घेऊन सर्वांना खुला ठेवलेला तलाव होय. स्पर्धकांचा सराव आणि नागरिकांचे पोहणे शिकणे, व्यायाम व विरंगुळा असे दुहेरी काम तो करतो. स्पर्धेचा तलाव, शिकाऊंचा उथळ तलाव, सूर मारण्याचा तलाव आणि प्रेक्षागृह एकत्र असलेल्या केंद्रास जलतरण संकुल म्हणतात. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात, विशेषतः लातूर व नांदेड परिसरात, अशा तलावाचा विचार पाण्याच्या उपलब्धतेपासून वेगळा करता येत नाही.

== पार्श्वभूमी ==
महाराष्ट्रात पोहणे हे परंपरेने नदी, विहीर आणि बारव येथे शिकले जाई. नवशिक्याला तरंगत ठेवण्यासाठी वाळलेला भोपळा किंवा हलके लाकूड अंगाला बांधत. नांदेड हे गोदावरीकाठचे शहर असल्याने तेथे नदीचे सान्निध्य होते, तर लातूरसारख्या मोठी नदी नसलेल्या शहरात विहिरींवर भिस्त असे. अशा ठिकाणी पोहता येते. परंतु अंतर मोजलेले नसते, तळ दिसत नाही आणि पाण्याची पातळी ऋतूनुसार बदलते. त्यामुळे वेळेची तुलना करणारे स्पर्धात्मक प्रशिक्षण तेथे शक्य होत नाही.

पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांतील जलतरणाच्या शर्यती तेथेच झाल्या. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्क परिसरातील महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव हा महानगरपालिकेचा परिचित तलाव आहे.

== स्पर्धात्मक तलावाची मापे ==
जलतरणाची आंतरराष्ट्रीय संघटना ‘वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स’ (पूर्वीचे नाव ‘फिना’) तलावाची मापे ठरवते. ऑलिंपिक दर्जाचा तलाव ५० मीटर लांब व २५ मीटर रुंद असून त्यात प्रत्येकी २.५ मीटर रुंदीच्या मार्गिका असतात. पूर्वीच्या नियमांनुसार त्याची खोली किमान २ मीटर असावी लागे. पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. पाठीवर पोहणाऱ्यांना भिंत जवळ आल्याचे कळावे म्हणून दोन्ही टोकांपासून ५ मीटरवर पताकांची दोरी बांधतात.

२५ मीटर लांबीच्या तलावातही अधिकृत स्पर्धा होतात. मात्र दोन्ही प्रकारांचे विक्रम स्वतंत्र नोंदवले जातात. छोट्या तलावात जलतरणपटूला अधिक वेळा वळावे लागते आणि प्रत्येक वळणावर भिंतीला पाय मारून वेग मिळतो. केवळ छोट्या तलावात सराव केलेल्या खेळाडूला ५० मीटरच्या तलावात सलग पोहण्याची सवय वेगळी करावी लागते.

== पाणी आणि शुद्धीकरण ==
५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. याउलट २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद व सरासरी १.५ मीटर खोल तलावाला सुमारे ४.७ लाख लिटर पुरते.

हे पाणी रोज बदलले जात नाही. पंपाद्वारे ते वाळूच्या गाळणीतून फिरवून, क्लोरीनने निर्जंतुक करून पुन्हा तलावात सोडतात. पाण्याचा सामू साधारणपणे ७.२ ते ७.८ दरम्यान राखतात. तो वाढल्यास क्लोरीनचा प्रभाव घटतो. तलावाजवळ येणारा उग्र वास बहुधा क्लोरीन जास्त झाल्याचा नसून घाम व लघवीतील द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. म्हणूनच पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ सक्तीची असते. जलतरण तलावांच्या पाण्यासाठी भारतीय मानक ३३२८ लागू आहे.

पाण्याची घट मुख्यतः बाष्पीभवन, गळती आणि गाळणी उलट प्रवाहाने धुणे यांमुळे होते. ऑलिंपिक आकाराच्या तलावाची पातळी १ सेंटीमीटरने उतरली, तरी १२,५०० लिटर पाणी कमी होते. रात्री तलावावर आच्छादन घालणे, सावलीसाठी छत उभारणे आणि गाळणी धुतलेले पाणी झाडांना वापरणे हे बचतीचे प्रचलित उपाय आहेत.

== दुष्काळ आणि मराठवाडा ==
२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. ‘जलदूत’ नावाने ओळखली गेलेली पहिली गाडी मिरजेहून १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. पुढे ५० वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर पाणी आणू लागली. म्हणजे अशा एका मोठ्या गाडीचे पाणी एका ऑलिंपिक आकाराच्या तलावाएवढे होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. खेळासाठी वापरले जाणारे पाणी हा त्यामुळे सार्वजनिक चर्चेचा विषय बनला.

दुसरीकडे, तलाव नसण्याचीही किंमत असते. राज्यातील शालेय क्रीडा स्पर्धा जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी होतात आणि दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. मोजलेल्या अंतराचा तलाव जवळ नसलेल्या विद्यार्थ्याला जलतरणात या संधी मिळवणे कठीण जाते.

== स्पर्धक व नागरिक यांतील वाटणी ==
पहाट आणि सायंकाळ या वेळा स्पर्धक व नागरिक दोघांनाही सोयीच्या असतात. त्यामुळे तलावाचे व्यवस्थापन वेळापत्रकावर चालते. काही मार्गिका दोऱ्यांनी राखून ठेवणे, तासातासाच्या बॅच करणे आणि महिलांसाठी स्वतंत्र वेळ ठेवणे या सर्वसाधारण पद्धती आहेत. स्पर्धेला आवश्यक असलेली खोली नवशिक्यांसाठी धोकादायक असल्याने शिकाऊंना वेगळा उथळ तलाव देणे हितावह ठरते.

== सुरक्षितता ==
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार भारतात दरवर्षी ३० हजारांहून अधिक व्यक्ती बुडून मृत्युमुखी पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये २५ जुलै हा जागतिक बुडणे प्रतिबंध दिन घोषित केला. विहिरी, शेततळी आणि नदीपात्रे असलेल्या ग्रामीण भागात लहान वयात पोहणे शिकवणे हा प्रतिबंधाचा महत्त्वाचा उपाय मानला जातो. तलावावर प्रशिक्षित जीवरक्षक, बचावकडी आणि खोलीचे ठळक आकडे आवश्यक असतात. पाणी गढूळ होऊन तळ दिसेनासा झाल्यास तलाव बंद ठेवावा लागतो.

== महाराष्ट्रातील उल्लेखनीय जलतरणपटू ==
* मुरलीकांत पेटकर – १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सैनिक. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक. हे भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण होते. २०१८ मध्ये पद्मश्री.
* वीरधवल खाडे – कोल्हापूरचे जलतरणपटू. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सहभाग, २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धांत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक.
* कांचनमाला पांडे – दृष्टिबाधित जलतरणपटू. २०१७ च्या मेक्सिको येथील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक.