रुमालात बांधलेलं घर

पुण्याच्या पुराभिलेखागाराला जुनी माणसं अजून पेशवे दफ्तरच म्हणतात. तिथे कागद मोजतात ते रुमालांत. फारसीत 'रू' म्हणजे तोंड आणि 'माल' म्हणजे पुसणारं. तोंड पुसायचं हे फडकं मराठीत आलं, डोक्याला गुंडाळलं गेलं आणि कारकुनाच्या हाती पडल्यावर त्यात कागद बांधले जाऊ लागले. होता होता आतल्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणू लागले. 'दफ्तर' तर त्याहून लांबचं. कमावलेल्या कातड्याचा ग्रीक शब्द अरबी-फारसीतून फिरत फिरत शाळकरी पोरांच्या पाठीवर येऊन बसला.

आपल्या वाड्याचं मूळ शोधणाऱ्याला कधी ना कधी ही रुमालाची गाठ सोडावी लागते. सुरुवात मात्र अलीकडून करायची. सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका काढायची, तिच्यावरचे फेरफार वाचत मागे जायचं, मग चौकशी नोंदवही, सनद, जुनी खरेदीखतं. एवढं झालं की मोडी समोर येते.

मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायचा आणि मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. शब्द कुठे संपतो ते डोळ्याला नव्हे, सरावाला कळतं. तारीखही सरळ नसते. 'इसन्ने तिसैन मया व अल्फ' म्हणजे अरबी शब्दांत लिहिलेलं शुहूर सन ११९२. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. म्हणजे हा कागद १७९१-९२चा.

घराला नंबर नसे, पण चतुःसीमा असे. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस गल्ली. घराचं माप खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेत. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की या नोंदी घराच्या कौतुकासाठी कुणी केलेल्या नाहीत. वाटणी झाली, गहाण पडलं, कज्जा लागला, पट्टी थकली, की घर कागदावर आलं. शनिवारवाडासुद्धा १० जानेवारी १७३०ची पायाभरणी आणि १६,११० रुपयांचा खर्च अशा तारीख-रकमेनेच आपल्याला ठाऊक आहे.

हे कागद टिकले तेही पैशाच्याच हिशेबाने. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला कोणाचं इनाम खरं आणि कोणाचं खोटं ते ठरवायचं होतं. १८५२च्या इनाम कमिशनच्या कायद्याने तर जुन्या कागदांवाचून चालेना. १८९१पर्यंत त्यांच्यासाठी दगडी इमारत उभी राहिली. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले, पण त्यांचं लक्ष मुख्यतः स्वाऱ्या आणि राजकारणावर. आपल्यासारख्यांची घरं न छापलेल्या रुमालांतच राहिली.

म्हणून मोडी शिका असं मी भेटेल त्याला सांगतो. गाठ सुटते, कापड चारी बाजूंना पडतं, जुन्या कागदाचा कोंदट वास येतो. बोट रेघेवरून सरकत जातं. उत्तरेस अमुक यांचं घर. ते आडनाव शेजारच्या दारावरच्या पाटीवर सकाळीच वाचलेलं असतं.