राक्षस कोण, वीर कोण? जांबच्या रामदासांचं 'युद्धकांड' आणि हजार वर्षं जुनं 'बेओवुल्फ'

ऑगस्ट २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातलं एक गाव अचानक बातम्यांत आलं. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ. तिथल्या राममंदिरातल्या पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. पुढे पोलिसांनी चोरांना पकडलं, मूर्तीही शोधून काढल्या. पण या निमित्ताने अनेकांना पहिल्यांदाच कळलं की समर्थ रामदास मूळचे मराठवाड्याचे.

१६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, याच गावात नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म झाला. पुढे ते रामदास म्हणून ओळखले गेले. 'दासबोध', 'मनाचे श्लोक' आणि मारुतीस्तोत्र सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी रामायणही लिहिलं, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

तेही अख्खं रामायण नाही. सात कांडांपैकी त्यांनी प्रामुख्याने दोनच हाताळली, सुंदरकांड आणि युद्धकांड. एकात मारुती एकटा लंकेत शिरतो, दुसऱ्यात रावणाशी लढाई होते.

हीच दोन कांडं का?

रामदासांचा काळ पाहिला की अंदाज येतो. त्यांच्या लहानपणी मराठवाडा निजामशाहीत होता. मुघल, आदिलशाही आणि निजामशाहीच्या फौजा याच मुलुखातून जात-येत होत्या. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली.

परंपरा सांगते की बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवात 'सावधान' हा शब्द ऐकून नारायण पळाला. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहिला आणि मग बारा वर्षं देश फिरला. या प्रवासात पाहिलेली उपासमार, लूट आणि उजाड गावं त्यांच्या रचनांत वारंवार येतात.

अशा माणसाला रामकथेतलं काय महत्त्वाचं वाटलं असेल? सीतेची सुटका तर आहेच. पण रामदास आणखी एका गोष्टीवर जोर देतात. रावणाने देवांनाच बंदीत टाकलंय आणि राम त्यांना सोडवतो. 'मनाच्या श्लोकां'तही राम देवांना संकटातून सोडवणारा म्हणूनच येतो.

थोडक्यात, त्यांच्या रावणाचा सगळ्यात मोठा गुन्हा आहे मोकळ्यांना कैदी करणं. आणि त्यांचा वीर म्हणजे बेड्या तोडणारा.

आता जरा इंग्लंडमध्ये जाऊ

राक्षसावरून समाज ओळखता येतो, हे समजायला दुसऱ्या टोकाचं एक काव्य उपयोगी पडतं. 'बेओवुल्फ' हे अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजी भाषेतलं सर्वात प्रसिद्ध वीरकाव्य. ओळी ३,१८२. कवीचं नाव कुणालाच माहीत नाही. साधारण इसवी सन १००० च्या आसपास लिहिलेलं एकच हस्तलिखित जगात उरलंय. १७३१ मध्ये लागलेल्या आगीत त्याच्याही कडा जळाल्या. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

गोष्ट सोपी आहे. डेन्मार्कचा राजा ह्रोथगार एक मोठं दालन बांधतो, त्याचं नाव हेओरोट. तिथे योद्धे जमतात, खातात-पितात, गाणी ऐकतात. राजा त्यांना सोन्याची कडी वाटतो. बाहेर अंधारात राहणाऱ्या ग्रेंडेल नावाच्या राक्षसाला हा आनंद सहन होत नाही. तो रात्री येतो आणि माणसं खातो. हे बारा वर्षं चालतं.

मग समुद्रापलीकडून बेओवुल्फ येतो. तो नुसत्या हातांनी ग्रेंडेलचा दंड उपटतो. सूड घ्यायला आलेल्या ग्रेंडेलच्या आईलाही मारतो. पुढे तो स्वतः राजा होतो, पन्नास वर्षं राज्य करतो आणि म्हातारपणी एका आग ओकणाऱ्या अजगरासारख्या ड्रॅगनशी लढताना मरतो. ड्रॅगन का चिडतो? त्याने राखलेल्या खजिन्यातला एक प्याला कुणीतरी चोरलेला असतो.

अनेक वर्षं अभ्यासक या काव्यात फक्त इतिहास शोधत होते. राक्षस म्हणजे भाकडकथा, असं त्यांना वाटायचं. १९३६ मध्ये जे. आर. आर. टॉल्किन यांनी एका व्याख्यानात ठणकावून सांगितलं की राक्षस हेच या काव्याचं केंद्र आहे. हेच टॉल्किन पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक म्हणून जगभर गाजले.

राक्षस काय सांगतो?

त्या थंड प्रदेशात ते दालन म्हणजेच समाज होता. ऊब, अन्न, सोबत आणि राजाचं संरक्षण तिथेच मिळायचं. त्याबाहेर पडलेला माणूस संपलाच. म्हणून त्यांचा राक्षस हा समाजाबाहेरचा आहे. काव्य त्याला भावाचा खून करणाऱ्या केनच्या वंशातला म्हणतं. ड्रॅगन सोनं नुसतं राखून बसतो, वाटत नाही. चांगला राजा मात्र वाटणारा असतो. म्हणजे राक्षस हा तिथल्या मूल्यांचा उलटा आरसा आहे.

रामदासांचा रावण वेगळा आहे. तो समाजाबाहेरचा नाही, सिंहासनावर बसलेला आहे. त्याच्याकडे सोन्याची लंका आहे, सैन्य आहे, विद्या आहे. इथे भीती अंधारातून येणाऱ्याची नाही, सत्ता हातात असणाऱ्याची आहे.

राक्षसाचं पुढे काय होतं?

यातही फरक आहे. ग्रेंडेलचा तुटलेला हात विजयाची खूण म्हणून हेओरोटमध्ये टांगला जातो. विषय संपला.

महाराष्ट्रात मात्र विषय इतक्यात संपत नाही. खंडोबाच्या कथेत मणी आणि मल्ल हे दोन दैत्य आहेत. मणी शरण येतो आणि खंडोबाजवळ कायमची जागा मागून घेतो. आजही खंडोबाच्या ठाण्यावर त्याला मान असतो. शेताच्या बांधावरचा म्हसोबा म्हणजे मूळचा महिषासुर, असं इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी मांडलं. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात रावणाची पूजा होते. गडचिरोलीकडच्या गोंड समाजातले अनेकजण त्याला आपला पूर्वज मानतात.

म्हणजे एकाचा राक्षस दुसऱ्याचा देव असू शकतो. सोशल मीडियावर कुणालाही एका फटक्यात 'राक्षस' ठरवण्याआधी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. रामदासांच्या एका कवितेत औरंगजेबाचं नाव थेट येतं, त्यामुळे त्यांचा रावण म्हणजे त्या काळचे सत्ताधारी, असा अर्थ अनेकांनी लावला. पण युद्धकांडात रावण हा रावणच आहे. प्रत्येक पिढी त्या जागी आपला रावण बसवते.

आणि वीर गेल्यावर?

'बेओवुल्फ'चा शेवट उदास आहे. ड्रॅगनशी एकट्याने लढायचं, असं म्हातारा राजा ठरवतो. तो हरायला लागल्यावर त्याचे योद्धे जंगलात पळतात. फक्त विग्लाफ नावाचा एक तरुण मदतीला धावतो. राजाची चिता पेटते तेव्हा एक बाई आक्रोश करते, कारण आता शत्रू चालून येणार हे सगळ्यांना माहीत असतं. सगळा समाज एका माणसाच्या मनगटावर उभा होता. तो माणूस गेला.

रामदासांनी निवडलेल्या कथेत राम अयोध्येची फौज बोलवत नाही. तो वनातल्या वानरांना सोबत घेतो. आणि रामदासांनी गावोगावी ज्याला उभं केलं तो होता मारुती. राजा नाही, सेवक. सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत त्यांनी स्थापलेले अकरा मारुती आजही आहेत. त्यातले दोन चाफळला आहेत. रामासमोर हात जोडून उभा असलेला तो दास मारुती. मंदिरामागचा तो प्रताप मारुती. नम्रता आणि ताकद, दोन्ही एकाच वीराची रूपं.

बलोपासनेवर त्यांचा भर होता, तोही एका माणसासाठी नाही. अख्ख्या गावाने अंगात बळ आणावं, ही अपेक्षा होती.

'बेओवुल्फ' एका हस्तलिखितामुळे वाचलं. रामदासांचं लेखन वाचलं ते मठामठांत शिष्यांनी केलेल्या नकलांमुळे. ही बाडं शोधायला शंकर श्रीकृष्ण देव यांनी आयुष्य घालवलं आणि धुळ्यात १९३५ मध्ये श्री समर्थ वाग्देवता मंदिर उभं केलं. ती बाडं आजही तिथे आहेत.

जांबच्या मूर्ती चोरणं शक्य झालं, कारण त्या एका जागी होत्या. कथा मात्र अनेकांनी लिहून, पाठ करून ठेवली होती.