पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा

थ्रेड : जुने टू-स्ट्रोक इंजिन इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावे?

क्रांती चौक म्हटले की १८५७चा उठाव आठवतो, आणि ते योग्यच. पण याच चौकातून निघून पुण्याच्या रस्त्याला लागले की वाळूज येते. शहराचे दुसरे एक स्थित्यंतर तिथे घडले. १९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथे उभा राहिला. पुढच्याच वर्षी कंपनीने एम-८० आणि कावासाकीच्या सहकार्याने केबी-१०० या दुचाक्या बाजारात आणल्या. त्यापूर्वी, १९७२पासून, कायनेटिकची लुना होतीच. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’वर बेतलेली.

या तिन्ही गाड्या टू-स्ट्रोक. ही रचना इंग्लंडमधील बाथ शहरच्या जोसेफ डे यांच्याकडून आली. त्यांचे पेटंट १८९१चे. त्यांची युक्ती अशी, की पिस्टन खाली येताना त्याखालच्या बंद कप्प्यातले पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते आणि बाजूच्या वाटेने वर ढकलले जाते. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. हलणारे मुख्य भाग तीनच : पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक.

म्हणूनच हे इंजिन घराच्या ओसरीवर खोलता येते. पाने, मॅग्नेट काढायचा पुलर, रॉकेलची थाळी आणि थोडा धीर एवढ्यावर बरेचसे भागते. सिलिंडर बोअर करणे आणि क्रँक प्रेस करणे मात्र घरचे काम नव्हे. त्यासाठी लेथवाल्याकडेच जावे. आणि क्रँकची ऑइल सील हमखास बदलावी. पिस्टनखालचा तो कप्पा हाच या इंजिनाचा पंप. सील झिजली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. १८९१च्या कल्पनेचा हा कच्चा दुवा एका रबरी कडीवर तोललेला आहे!

आता मुख्य मुद्दा. हेड काढा आणि पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन हलक्या हाताने पुसा, खरवडू नका. तिथे बहुधा एक आकडा कोरलेला आढळतो : ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.००. सिलिंडर झिजला की तो किंचित मोठा बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवतात. हा आकडा म्हणजे मूळ मापापेक्षा वाढलेला व्यास, मिलिमीटरमध्ये. आकडा नसेल तर बहुतेक वेळा पिस्टन मूळ मापाचा. ०.५० दिसले, तर इंजिन एकदा तरी पुन्हा बांधले गेले आहे, कदाचित दोनदा. शेवटचे मापही संपले की सिलिंडरमध्ये नवा लायनर ठोकतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे मूळ मापाचा पिस्टनही फसवू शकतो. लायनरची कड तपासावी.

१८५७च्या बंडखोरांची नोंद निदान त्यांना शिक्षा देणाऱ्यांनी तरी ठेवली. पहिल्या पगारातून गाडी घेऊन रोज पाळीला जाणाऱ्याची, किंवा रात्री उशिरापर्यंत ती बांधून देणाऱ्या मिस्त्रीची वही कोणी जपली? त्यांच्या हातांचा पुरावा उरला आहे तो या आकड्यात, पॅकिंगऐवजी कापून लावलेल्या पुठ्ठ्यात आणि छिन्नीच्या घावांनी बिघडलेल्या नटांत.

सध्या जुन्या गाड्या ‘शोरूमसारख्या’ करण्याची हौस आहे. हौसेला माझा विरोध नाही. परंतु नवा सिलिंडर बसवून जुना भंगारात दिला की तो पुरावाही वजनावर विकला जातो. भट्टीत गेलेले ॲल्युमिनियम आकडे लक्षात ठेवत नाही.

तेव्हा घरी एम-८० किंवा लुना पडून असेल, तर साफसफाईच्या आधी पिस्टनच्या माथ्याचे छायाचित्र घ्या. इंजिन क्रमांक टिपा. जुन्या रिंगा लिफाफ्यात ठेवा आणि वर तारीख घाला. मग गाडी ज्यांनी चालवली त्यांना विचारा, पहिला बोअर केव्हा झाला होता आणि कोणाकडे.