पाच सेंटांचा क्रेमो

नोव्हेंबर १९३१. न्यूयॉर्कमधल्या तंबाखूच्या दुकानात तुम्ही पाच सेंटांचं नाणं पुढे सरकवता. दुकानदार सेलोफेनमध्ये गुंडाळलेला सिगार हातावर ठेवतो : सर्टिफाइड क्रेमो. महागड्या पेट्यांकडे तुमची नजर जाते खरी, पण मंदीत खिसा ऐकत नाही.

शेजारी पडलेलं वर्तमानपत्र उघडा. हाताने वळलेल्या सिगारचं टोक कारागीर थुंकीने चिकटवतात, असं जाहिरात बजावते. क्रेमो मात्र यंत्रावरचा, म्हणून निर्मळ! पैसा अमेरिकन टोबॅको कंपनीचा, डोकं तिचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांचं. तुम्हाला शिसारी येते. यायलाच हवी, तिच्यासाठीच तर एवढा खर्च केलाय.

आता सिगारच्या यंत्रापाशी उभे राहा. एका यंत्रावर चौघी बायका. पहिली पोटातला तंबाखू घालते, दुसरी तो बांधणारं पान पसरते, तिसरी वरचं देखणं पान साच्यावर अंथरते. खालून हवा खेचली जाते, पान घट्ट बसतं आणि पातं त्याला बेतशीर कापतं. चौथी तयार सिगार पारखते. इथे वर्षानुवर्षांची उमेदवारी लागत नाही. कसब यंत्रात गेलं, मजुरी उतरली, म्हणून क्रेमो पाच सेंटांत परवडतो.

तिथून फ्लोरिडातल्या टॅम्पाला चला. इथे अजून कितीतरी सिगार हातांनीच वळले जातात. क्यूबन, स्पॅनिश, इटालियन कारागीर रांगेने बसलेत आणि उंच मचाणावरून वाचक त्यांना स्पॅनिशमध्ये बातम्या, कादंबऱ्या वाचून दाखवतोय. त्याचा पगार कारागीरच वर्गणी काढून देतात. ऐकून घ्या, कारण महिनाअखेरीस मालक त्याच्यावर कम्युनिस्ट प्रचाराचा ठपका ठेवून मचाण रिकामं करतील. कारागीर संपावर जातील, तरी वाचक परतणार नाही. त्याच्या जागी रेडिओ येईल.

त्या रेडिओच्या दुनियेत याच महिन्यात सीबीएसवर बिंग क्रॉस्बी पंधरा मिनिटं गातोय. प्रायोजक? क्रेमो.

या, आता आजच्या दुकानात. पाच सेंटांचा तो यंत्रावरचा क्रेमो केव्हाच बंद झालाय. महागड्या पेट्यांवर मात्र तोऱ्यात छापलेलं असतं : हाताने वळलेले. ज्या बोटांची किळस तुम्हाला जाहिरात देऊन शिकवली, त्याच बोटांसाठी आता तुम्हीच जास्तीचे पैसे मोजताय.