सूर्याचे डाग आणि खानदेशचा दुष्काळ

दुष्काळ पडला की दोष कुणाच्या माथी मारावा, हा प्रश्न फार जुना आहे. कुणी ग्रहांना बोल लावला, कुणी राजाच्या पापाला. एकोणिसाव्या शतकात विज्ञानाने आणखी एक आरोपी उभा केला. तो म्हणजे प्रत्यक्ष सूर्यनारायण! त्या खटल्याची हकीकत नंदुरबारकरांनी अवश्य ऐकावी, कारण त्यातील काही साक्षी आपल्याच मुलखाच्या आहेत.

सूर्यबिंबावर काळे डाग दिसतात. त्यांची संख्या ठराविक काळाने वाढते व घटते, हे श्वाबे या जर्मन निरीक्षकाने १८४३ साली जाहीर केले. हे चक्र सरासरी अकरा वर्षांचे ठरले. पुढे १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. १८७७ साली लॉकियर व हंटर यांनी मद्रासच्या पावसाचे आकडे मांडून सांगितले की, डाग कमी तेव्हा पाऊस कमी आणि दुष्काळ जवळ. योगायोग असा की, १८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळातही डाग विरळच होते. या विचाराला सरकारदरबारी वजन आले आणि १८९९ साली कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली, तिच्यामागे दुष्काळाचे कारण शोधण्याची ही आशाही होती. पुण्यात प्राध्यापक कावसजी नाएगमवाला भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेली वेधशाळा चालवीत. ती १९१२ साली बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनाललाच गेली.

आता उलटतपासणी पाहा. हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे कसलेले गणिती होते. डागांचा पावसाशी, तापमानाशी व हवेच्या दाबाशी काय संबंध आहे, हे त्यांनी १९१५ साली आकड्यांनी ताडून पाहिले. संबंध इतका दुबळा निघाला की, त्यावर पावसाचे भाकीत उभारता येईना. लगेच १९१८ साली पावसाने दगा दिला आणि तेव्हा डाग भरात होते!

इतिहासाची साक्ष याहून बोलकी आहे. १६४५ ते १७१५ अशी सत्तर वर्षे सूर्यावर डाग जवळजवळ दिसलेच नाहीत. नियम खरा असता तर तो सारा काळ सलग दुष्काळाचा गेला असता. पण त्याच काळात शिवछत्रपतींचे राज्य उभे राहिले. उलट खानदेश-गुजरातेतला महादुष्काळ त्यापूर्वीच, १६३० ते १६३२ मध्ये, येऊन गेला होता. १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी सुरतेहून नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरकडे गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे.

मग सूर्याचा पृथ्वीच्या उष्णतेशी काहीच संबंध नाही काय? आहे, पण तो मोजून सांगितला पाहिजे. १९७८ पासून कृत्रिम उपग्रह सूर्याचे तेज मोजीत आहेत. डागांच्या चढउताराबरोबर ते हजारात सुमारे एक भाग बदलते. त्याने पृथ्वीचे तापमान फार तर एक दशांश अंशाने हलते. पृथ्वी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एक अंशाहून अधिक तापली आहे. २०१४ च्या सुमारास भरात आलेले सौरचक्र शंभर वर्षांतले सर्वांत दुबळे होते, आणि त्यानंतरचीच वर्षे सर्वांत उष्ण ठरली. दुसरा पुरावा असा की, सूर्यामुळे ताप वाढता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते तर थंड होत आहेत. हे लक्षण कोळसा व खनिज तेल जाळून हवेत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचे आहे. हवेच्या दहा लाख भागांत तो पूर्वी सुमारे २८० भाग असे. आज ४२० हून अधिक आहे.

सूर्य अपराधी ठरला असता तर आपल्याला हात जोडण्यापलीकडे काही करता आले नसते. तो सुटला, म्हणून जबाबदारी आपल्याकडे आली. तापीकाठच्या पिकाला, पथारीवर वाळणाऱ्या मिरचीला आणि सातपुड्यातल्या झऱ्याला लागणारी ही झळ माणसानेच वाढविली आहे. जे माणसाने वाढविले, ते आवरणेही माणसाच्याच हाती आहे. या खटल्याचा निकाल हाच!